नेरूळची फायनल आणि दीप्तीचा मान

ठाणेकर, कल्याण-डोंबिवलीकर मित्रांनो, महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल आपल्याच जिल्ह्यात, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2 नोव्हेंबर 2025 रोजी झाली आणि भारत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 52 धावांनी जिंकला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान दीप्ती शर्माला मिळाला. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्टने 571 धावा केल्या, दीप्तीच्या मात्र 215. मग हा मान लॉराचा नव्हता का, अशी शंका येऊ शकते. पण धावांच्या तक्त्यात दीप्तीचे 22 बळी दिसत नाहीत. फायनलमध्ये तिने 58 धावा केल्या, 39 धावांत 5 बळी घेतले आणि शतक झळकावून सामना खेचू पाहणाऱ्या लॉरालाही तिनेच बाद केलं. एकाच खेळाडूने दोन्ही बाजूंनी सामना पेलणं दुर्मीळच, आणि माझ्या मते तेच इथे निर्णायक ठरतं.

हा मान विजेत्या संघातल्या खेळाडूलाच देतात, हा आक्षेप तर इतिहासापुढे टिकत नाही. पुरुषांच्या विश्वचषकात 1992 मध्ये न्यूझीलंडचा मार्टिन क्रो सेमीफायनल हरूनही निवडला गेला. 2003 मध्ये आपला सचिन (673 धावा) आणि 2023 मध्ये विराट कोहली (765 धावा), दोघेही फायनल हरलेल्या संघाचे. सचिन तर त्या फायनलमध्ये 4 धावांवर बाद झाला होता, तरी निवड योग्यच होती, कारण मोजायची असते अख्खी स्पर्धा. दीप्तीने स्पर्धाही गाजवली आणि फायनलही. म्हणून निवड समितीचा निर्णय अगदी योग्य होता.