साखर न कळणाऱ्या जिभेला साखरेचा आजार

यवत-केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळं पेटली की वाराच गोड होऊन जातो. काहिलीतला रस उकळतो, भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढून टाकली की गुळव्या पाक वाफ्यात ओततो. मुंग्या, माश्या, मधमाश्या आणि पोरं, सगळ्यांची धाव तिकडे. मांजर मात्र चिपाडाच्या ढिगाकडे तोंड करून बसतं, कारण उंदीर तिथे असतो. कोमट गुळाचा खडा नाकापुढे धरला तर ते हुंगतं आणि मान फिरवतं.

हा नखरा नव्हे. मांजराला गोड कळतच नाही. जिभेवर गोडी ओळखायला दोन प्रथिनांची जोडी लागते. त्यातल्या एकाचं जनुक, टीएएस१आर२, मांजरात मोडलेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शिया ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं. त्या जनुकातली २४७ अक्षरं सलग गळालेली आहेत. त्यांनी वाघ आणि चित्ताही तपासला. तिथेही तीच अक्षरं गायब! म्हणजे ही मोडतोड मांजर माणसाच्या घरात येण्याच्या कितीतरी आधीची आहे. गोडीवाचून कुणाचं अडलंही नाही. शिकारीत साखर असते तरी किती?

आणि तरीही या प्राण्याला मधुमेह होतो. मांजर सारखं पाणी पितं, लघवी वाढते, पोटभर खाऊनही ते वाळत जातं. काहींच्या मागच्या पायांतलं बळ जाऊन ती टाचा टेकवत चालू लागतात. लघवीतून साखर जाऊ लागली की तिथे मुंग्या लागतात. मांजराच्या अंगातली गोडी मुंगीला कळते, मांजराला कळत नाही.

असं का होतं, याचं उत्तर यकृतात आहे. आपलं यकृत जेवणातली साखर साठवतं. मांजराचं यकृत प्रथिनं मोडून त्यांपासून दिवसरात्र साखर तयार करत राहतं, कारण बाहेरून ती येईल याची त्याला सवयच नाही. लाळेत पिष्ट पचवणारं विकर नसतं आणि आलेली साखर चटकन उचलणारं यकृतातलं विकरही फार तोकडं असतं. त्यात मांजर घरात बसून लठ्ठ झालं की इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो. वयस्क आणि खच्ची केलेल्या बोक्यांत हे जास्त दिसतं. स्वादुपिंडात अमायलिन नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, अगदी माणसाच्या टाइप-टू मधुमेहात साचतात तसेच. कुत्र्यात ते साचत नाहीत.

मग अशा मांजराला घरचं काय घालायचं? आपल्याकडे घरचं म्हणजे दूध-भाकरी. मांजराचं घरचं म्हणजे उंदीर. मोकाट मांजरांच्या आहाराचा २०११ साली प्रसिद्ध झालेला हिशेब असा : ५२ टक्के ऊर्जा प्रथिनांतून, ४६ टक्के स्निग्धातून आणि कर्बोदकांतून अवघी २ टक्के. मधुमेही मांजराचं ताट याच हिशेबाकडे न्यायचं असतं, म्हणून भात, भाकरी आणि दूध बाजूला ठेवायचं.

पण नुसतं उकडलेलं चिकन म्हणजे उंदीर नव्हे. हाडाविना मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट असतो. उंदरात हा तोल त्याची हाडं सांभाळतात, घरी अंड्याच्या कवचाची बारीक पूड मोजून घालावी लागते. उंदराच्या हृदयात आणि मेंदूत टॉरिन असतं. मांजर ते स्वतः पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये कळलं. हृदय फुगून दुबळं पडतं, हे कळायला १९८७ उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचे पशुवैद्य पॉल पायन यांनी टॉरिन दिल्यावर ती हृदयं सावरताना पाहिली. टॉरिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे चिकन शिजवलेलं पाणी फेकलं की तेही गेलं.

गाजर घालूनही भागत नाही. त्यातल्या रंगद्रव्यापासून आपण ‘अ’ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही. त्याला ते तयारच हवं, म्हणजे कलेजी हवी. पण तीही चिमूटभर, कारण महिनोन्‌महिने रोज कलेजी घातली तर मानेचे मणके एकमेकांना जखडतात. कांदा-लसणाचा रस्सा तर थेंबभरही नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात.

हा तोल अंदाजाने साधत नाही. डेव्हिसच्याच आहारतज्ज्ञांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या ११४ घरगुती पाककृती गोळा केल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आला. ज्यांचं विश्लेषण करता आलं, त्यांतली एकही मांजराच्या सगळ्या गरजा भागवत नव्हती. म्हणून पाककृती त्या एका मांजराचं वजन, वय आणि मूत्रपिंडं पाहून पशुवैद्याकडूनच लिहून घ्यावी. यवतकरांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही.

इन्सुलिन चालू असताना तर परस्पर ताट बदलूच नये. पिष्ट एकदम घटलं आणि डोस तोच राहिला, तर साखर इतकी खाली येते की मांजर झटके येऊन बेशुद्ध पडतं. नवं अन्न आवडत नाही म्हणून उपाशी ठेवणंही तितकंच वाईट. लठ्ठ मांजर काही दिवस न खाल्ल्यास त्याच्या यकृतात चरबी भरते आणि ते जिवावर बेततं. बदल थोडाथोडा, रक्तातली साखर तपासत करायचा.

एवढं सांभाळलं तर एक गोष्ट घडू शकते, जी मधुमेही कुत्र्यांत सहसा दिसत नाही. आजार लवकर ओळखला, इन्सुलिन वेळेत सुरू झालं आणि कर्बोदकं उतरली, तर काही मांजरांचं दमलेलं स्वादुपिंड पुन्हा कामाला लागतं. त्यांची सुई सुटते. कुणाची काही महिने, तर कुणाची वर्षानुवर्षं.