धाब्यावर साचलेल्या गारा

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ परिसरात हिमवर्षाव होत नाही. तरीही तेथील घरांच्या छतांवर अधूनमधून बर्फ साचतो, तो गारांच्या रूपाने. हिवाळा सरता सरता उत्तर भारतावरून सरकणाऱ्या थंड हवेच्या प्रणाली, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प यांची गाठ पडली, की विदर्भ-मराठवाड्यात गारपीट होते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागाला तिने झोडपले आणि 11 फेब्रुवारी 2018 रोजी बुलढाणा जिल्हाही तिच्या तडाख्यात सापडला. अशा वेळी हरभरा आणि गहू यांच्या नुकसानीकडे सर्वांचे लक्ष जाते, आणि ते जायलाच हवे. परंतु छतावर राहिलेल्या गारा घरात पाणी कशा आणतात, याचा विचारही तितक्याच काळजीने व्हायला हवा.

या भागातील जुन्या घरांचे छत धाब्याचे, म्हणजे मातीचे आणि जवळजवळ सपाट असते. लाकडी सरांवर आडव्या काटक्यांचा किंवा फळ्यांचा थर, त्यावर पाला वा पळाटी, त्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती, अशी त्याची रचना असते. गावाच्या जुन्या वस्तीखालची ही राखाडी, क्षारयुक्त माती होय. शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणण्याची जुनी रीत याच भेदावर उभी आहे. मातीतील सोडियमयुक्त क्षारांमुळे चिकणमातीचे बारीक कण सुटे होतात आणि छिद्रांत जाऊन बसतात, त्यामुळे पाणी खाली झिरपण्याऐवजी उतारावरून पन्हाळीकडे, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या पाणी जाण्याच्या तोंडाकडे, वाहून जाते.

गारा ही व्यवस्था दोन प्रकारे मोडतात. त्यांच्या माऱ्याने मातीच्या पृष्ठावर खळगे पडतात आणि वाऱ्याने तुटलेला कडुनिंबाचा पाला त्यांच्यासोबत पन्हाळीत अडकून तिचे तोंड बंद होते. पावसाचे पाणी लगेच वाहून जाते. बर्फाला मात्र वितळण्यासाठी दर ग्रॅमला सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते, म्हणून कठड्याच्या सावलीतला ढीग बराच वेळ टिकून थेंबथेंब पाणी सोडत राहतो आणि ते पाणी खळग्यांत मुरते. थंड देशांत याचेच मोठे रूप दिसते. तेथे घरातील उबेने छतावरचा बर्फ वितळतो, ते पाणी थंड वळचणीशी येऊन पुन्हा गोठते आणि त्या बर्फाच्या बांधामागे तुंबलेले पाणी कौलांखालून घरात शिरते. वळचणीचे पाणी आढ्याकडे जाण्याची, आपल्याकडे अशक्य मानलेली गोष्ट, तेथे जवळजवळ शब्दशः घडते.

भाराचा प्रश्नही लहान नाही. 500 चौरस फुटांच्या छतावर 5 सेंटिमीटर गारांचा थर साचला, तर मधल्या पोकळ्या वजा जाताही त्याचे वजन सव्वा टनाच्या आसपास भरते. आणि पन्हाळ तुंबून त्याच छतावर 10 सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तर ते साडेचार टनांच्या वर जाते. धाब्यावर वर्षानुवर्षे मातीचे नवे थर चढत गेले असतील, तर हा भार आधीच वाकलेल्या सरांवर पडतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीची जड छते आणि दगडी भिंती किती घातक ठरल्या, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. म्हणून नवी माती टाकण्यापूर्वी जुनी सैल माती खरवडून काढणे हा डागडुजीचा अनिवार्य भाग मानला पाहिजे.

विजा थांबल्यावरच छतावर चढावे, आणि एकाच माणसाने, ओल्या मातीवर फळी टाकून तिच्यावर उभे राहावे. पहिले काम पन्हाळ मोकळी करण्याचे, ढीग उचलण्याचे नंतरचे. कारण वाट उघडली की निम्मे पाणी आपोआप निघून जाते. गारा खराट्याने ओढून टोपल्यात भराव्यात. फावड्याची धार किंवा सब्बल लावली, तर बर्फासोबत पांढऱ्या मातीचा थरही निघतो. काढलेल्या गारा भिंतीच्या पायथ्याशी टाकू नयेत, कारण काळी माती पाण्याने फुगते, वाळल्यावर आकसते, आणि या ओढाताणीत जोत्याला व भिंतींना तडे जातात.

सिमेंटच्या स्लॅबवरही हाच क्रम लागू पडतो. मात्र बर्फ लवकर वितळावा म्हणून त्यावर मीठ टाकणे टाळावे. जे क्षार मातीच्या धाब्याला तारतात, त्यांपैकी मिठातील क्लोराइड काँक्रीटमध्ये उतरून आतील सळयांना गंज चढवते आणि फुगलेला गंज स्लॅबचे पापुद्रे पाडतो. टिनपत्र्यांच्या छतावर चढण्याऐवजी खालूनच उजेडाचे ठिपके शोधावेत. जेथे ठिपका दिसतो, तेथे पत्रा फुटलेला असतो.

धाब्यावरचे खळगे मात्र ओल असताना बुजवू नयेत. ऊन लागून पृष्ठ वाळल्यावर भेगा स्पष्ट दिसतात. तेव्हा चाळलेली पांढरी माती पसरून, हलके पाणी शिंपडून ती चोपावी आणि मृगापूर्वी पन्हाळीकडचा उतार बादलीभर पाणी ओतून पुन्हा तपासावा.