चार ते सात : शाळा सुटल्यानंतरचे तीन तास

आमचा मुलगा आपल्या शाळेत दाखल झाला तेव्हा पहिल्या पत्रात त्याने दिनक्रम लिहून पाठवला होता. सकाळी पीटी, मग वर्ग, दुपारनंतर खेळ, संध्याकाळी प्रेप, रात्री गणती आणि दिवे बंद. ते पत्र मी दोनतीनदा वाचले आणि माझ्या लक्षात आले की यातला वर्गाचा भाग तर सगळ्याच मुलांना मिळतो. कॅडेटला वेगळे काही मिळते ते वर्ग सुटल्यानंतर. मैदान, अभ्यासाची ठरलेली वेळ आणि लक्ष ठेवणारे कोणीतरी.

आम्ही राहतो बीरगांवला. रायपूरच्या उत्तरेला, उरला औद्योगिक क्षेत्राला लागून. रोलिंग मिल, लोखंडाचे कारखाने आणि दिवसरात्र ट्रक. मी मूळची नागपूरची, लग्नानंतर ह्यांच्या नोकरीमुळे इथे आले. शेजारी कोणी बिहारचे, कोणी ओडिशाचे, कोणी इथल्याच खेड्यातले. पुष्कळ घरांत आईवडील दोघेही कामावर असतात. शाळा चारला सुटते, घराचे कुलूप सातला उघडते. मधले तीन तास मुले रस्त्यावर. म्हणून चार वर्षांपूर्वी मी आणि शेजारच्या एका ताईंनी वस्तीतल्या सामुदायिक भवनात संध्यावर्ग सुरू केला. आज 22 मुले येतात. कॅडेट मित्रांनो, सुट्टीत तुम्ही घरी जाता तेव्हा तुमच्या गावातही अशी मुले असतात. म्हणून आम्ही काय शिकलो, कुठे चुकलो, ते इथे मांडते.

आधी पोट, मग पाय, मग पुस्तक

पहिले काही महिने मी मुलांना आल्याबरोबर पाढे म्हणायला बसवत होते. आठवडाभरात निम्मी मुले गळाली. चूक माझीच होती. शाळेतले दुपारचे जेवण होऊन तीनचार तास उलटलेले, त्यात दिवसभर बसून पाय आखडलेले. आता आल्यावर आधी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे घातलेले मुरमुरे. इथे त्यांना मुर्रा म्हणतात. त्यानंतर पाऊण तास खेळ, मग पाऊण तास वाचन आणि गणित, शेवटी पंधरा मिनिटे हातांनी काहीतरी करणे. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळेही खेळ आधी घेणेच सोयीचे.

खेळाला सामान लागत नाही. छत्तीसगडमध्ये 2022 साली सरकारने पारंपरिक खेळांच्या स्पर्धा भरवल्या, त्यात गेडी, भौंरा, पिट्ठुल, फुगडी असे खेळ होते. भौंरा म्हणजे आपला भोवरा, पिट्ठुल म्हणजे आपली लगोरी. फुगडीचे नाव आपलेच, पण इथली फुगडी उकिडवे बसून पाय पुढेमागे नाचवत घालतात, आपल्या बसफुगडीच्या नात्यातली. हे खेळ मुलेच मला शिकवतात आणि त्या दिवशी तीच गुरुजी असतात.

चेंडूमुळे काय घडू शकते याचे उदाहरण माझ्या माहेरीच आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्लम सॉकर’ संस्थेला 2016 मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. सुरुवात मात्र एका चेंडूने आणि रोज मैदानात येणाऱ्या एका माणसाने झाली.

इयत्ता नको, पातळी पाहा

आमच्याकडे सातवीतला एक मुलगा आला. पुस्तक समोर धरले की त्याला खोकला यायचा. पुढे कळले, त्याला सलग चार ओळी वाचता येत नव्हत्या. अशा मुलाला सातवीचा धडा समजावून उपयोग नसतो. 1995 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने यासाठी सोपी रीत रूढ केली आहे. प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून पाहायचे की तो अक्षर वाचतो, शब्द वाचतो, छोटा परिच्छेद वाचतो की पूर्ण गोष्ट. मग इयत्ता न बघता त्या पातळीप्रमाणे गट करायचे आणि दर महिन्याला पुन्हा तपासायचे. तपासणीला दहा मिनिटेही लागत नाहीत.

अडचण होती ती लाजेची. सातवीतला मुलगा चौथीतल्यांबरोबर कसा बसेल? म्हणून गटांना नद्यांची नावे दिली : खारून, शिवनाथ आणि महानदी. खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला. आता मुले एकमेकांना विचारतात, “तू शिवनाथला कधी पोहोचणार?” तो सातवीतला मुलगा सहा महिन्यांनी महानदीत गेला. खोकलाही गेला.

वाचायला पुस्तके कुठून आणायची, असे मला पालक विचारतात. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी, हिंदी आणि इतर अनेक भाषांतल्या चित्रगोष्टी फुकट वाचता येतात. भोपाळच्या ‘एकलव्य’चे ‘चकमक’ हे हिंदी मासिक 1985 पासून निघते आहे. हातांच्या कामासाठी अरविंद गुप्ता यांची खेळणी बघा. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेल्या या माणसाने पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केले. काड्यापेटी, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुन्या बाटल्या यांतून विज्ञान शिकवणारी त्यांची पुस्तके आणि चित्रफिती सर्वांना मोफत आहेत. काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब यांचा त्रिकोण व चौकोन करून दाबून पाहिल्यावर चौकोन वाकतो, त्रिकोण वाकत नाही. कारखान्याच्या छपराची कैची त्रिकोणांची का असते, हे आमच्या मुलांना त्या दिवशी आपोआप कळले.

जाताना मोजा

आता माझी सर्वांत मोठी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात एक आई सव्वासातला दारात आली. तिची सात वर्षांची मुलगी घरी पोहोचली नव्हती. माझ्या वहीत तिची हजेरी होती, पण ती कधी गेली, कोणाबरोबर गेली, हे मला सांगता येईना. आम्ही सगळे अंधारात शोधत फिरलो. पाऊण तासाने ती मोठ्या रस्त्यालगत एका टपरीमागे सापडली. बाबांचा ट्रक तिथूनच जातो म्हणून वाट बघत बसली होती. आई मला एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलीने येणे थांबवले.

त्याच महिन्यात आमचा मुलगा सुट्टीवर आला. वही चाळून म्हणाला, “आई, तू फक्त येताना मोजतेस. आम्ही दोनदा फॉल-इन होतो, येताना आणि जाताना. आणि प्रत्येकाला एक जोडीदार असतो.” तेव्हापासून आमच्याकडे दोन वह्या आहेत. एकाच गल्लीतली मुले जोडीने, एका मोठ्या मुलाबरोबर निघतात आणि तो मोठा मुलगा वहीत वेळ लिहितो. खोलीत नेहमी दोन मोठी माणसे असतात, एकट्या माणसावर मुले सोपवत नाही. भिंतीवर बालकांच्या मदतीचा 1098 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत आहे आणि तो सर्व मुलांना पाठ आहे. या वह्या घेऊन मी त्या आईकडे गेले, माझी चूक कबूल केली. चार दिवसांनी मुलगी परत आली.

सुट्टीत तुम्ही काय कराल?

मुलाने पहिल्या दिवशी आवाज चढवून “सावधान!” म्हटले. निम्मी मुले हसली, दोन लहान पळाली. तिसऱ्या दिवशी तो त्यांच्याबरोबर पिट्ठुल खेळत होता आणि मग मुले स्वतःच रांगेत उभी राहू लागली. शिस्त आधी दिसावी लागते, मग ती मागता येते, हे त्याला तिथे समजले.

पंधरा दिवसांच्या सुट्टीत नवा वर्ग उघडू नका. तुम्ही परत गेल्यावर बंद पडलेले दार मुलांना जास्त लागते. आधीच चालू असलेल्या वर्गाला, वाचनालयाला किंवा मैदानाला हात द्या. रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. एक खेळ नियमांसकट शिकवा आणि जाण्यापूर्वी तो दुसऱ्याला शिकवू शकेल असा एक मुलगा किंवा मुलगी तयार करा. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे कामही 1962 मध्ये शाळेनंतरच्या वेळातच सुरू झाले, प्रशाला 1969 मध्ये आली. पालकांनाही विनंती आहे : वर्ग घेता येत नसेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त दुसरे मोठे माणूस म्हणून येऊन बसा. आमच्याकडे सध्या सर्वांत जास्त टंचाई त्याचीच आहे.

येत्या सुट्टीत मुलगा घरी येईल. त्याच्यासाठी काम ठरलेले आहे. खारून गटात सहा नवी मुले आली आहेत.