पीई चार म्हणजे चार वर्षांत पैसे वसूल?

बोरीवलीहून सुटणाऱ्या चर्चगेट फास्टमध्ये बसायला जागा मिळाली की गप्पा दोन विषयांवर हमखास येतात, जागेचे भाव आणि शेअरचे भाव. जागेच्या बाबतीत सगळेच सावध असतात. चांदावरकर रोडवर जुना फ्लॅट घ्यायचा असला तर माणूस सोसायटीची थकबाकी विचारतो, ओसी बघतो, दहा वर्षांपूर्वी त्या इमारतीत काय दर चालला होता तेही काढतो. शेअरच्या बाबतीत मात्र त्याच माणसाला एक आकडा पुरतो. मोबाइलवर कंपनीचं नाव टाकायचं, पीई (म्हणजे शेअरचा भाव भागिले शेअरमागची वर्षाची मिळकत) बघायचा आणि निकाल द्यायचा: ‘चार आहे. चार वर्षांत पैसे वसूल.’

हे वाक्य गेली काही वर्षं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललं आहे. मार्च २०२० मध्ये देशात साधारण चार कोटी डिमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती दहा कोटींवर गेली. नव्याने आलेल्या या माणसांच्या हाती पहिलं हत्यार पडतं ते पीईचं, आणि ते कुठल्या बाजूने धरायचं हे कुणी सांगत नाही. म्हणून हा गैरसमज एकदा नीट उलगडायला हवा.

त्यासाठी मुंबईतल्याच कंपनीचं उदाहरण घेऊ. टाटा स्टीलचे कारखाने जमशेदपूर आणि कलिंगनगरला असले तरी नोंदणीकृत कार्यालय फोर्टमधल्या बॉम्बे हाऊसमध्ये आहे. २०२१-२२ या वर्षी कंपनीने ४१,७४९ कोटी रुपयांचा एकत्रित निव्वळ नफा कमावला. आदल्या वर्षी तो ८,१९० कोटी होता. एका शेअरमागे मिळकत ३३२ रुपये आणि ३१ मार्च २०२२ चा भाव १,३०० च्या थोडा वर. भागाकार केला की उत्तर चार. घराघरांत ओळखीचं नाव, शतकाहून जुनी कंपनी आणि पीई फक्त चार!

आता ‘चार वर्षांत वसूल’ हे गणित खरोखर तपासू. ते खरं ठरायचं तर पुढची चारही वर्षं कंपनीने दरवर्षी ४१ हजार कोटींच्या पुढे कमवायला हवे होते. प्रत्यक्षात २०२२-२३ मध्ये नफा ८,०७५ कोटींवर आला. २०२३-२४ मध्ये ४,९१० कोटींचा तोटा झाला. २०२४-२५ मध्ये नफा ३,१७४ कोटी. तीन वर्षांची बेरीज ६,३०० कोटींच्या आसपास, म्हणजे त्या एका सोनेरी वर्षाच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी. शिवाय नफा कंपनीचा असतो, भागधारकाच्या खिशात येतो तो लाभांश. त्या विक्रमी वर्षाचा लाभांश होता शेअरमागे ५१ रुपये. तेराशे रुपये गुंतवून एक्कावन्न रुपये हातात येत असतील, तर ‘वसूल’ हा शब्द तिथे कसा बसतो?

पोलाद हा चक्रीय धंदा आहे. कारखाना उभारायला वर्षं लागतात, भट्टी एकदा पेटली की हवी तेव्हा विझवता येत नाही, त्यामुळे मागणी थोडी वाढली तरी भाव उसळतात आणि थोडी घटली तरी कोसळतात. कोविडनंतर जगभर मागणी परतली, चीनने उत्पादनाला लगाम घातला, पोलादाचे भाव चढले. खर्च मात्र त्याच प्रमाणात वाढला नाही, म्हणून भावातल्या चढाचा मोठा भाग नफ्यात उतरला. मग मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं आणि सोमवारी बाजार उघडल्यावर टाटा स्टील एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त घसरला. शुल्क नोव्हेंबरमध्ये उठलं, पण भावांचा तो चढ परत आला नाही.

या धंद्यात पीई सर्वांत कमी दिसतो तो नफा शिखरावर असताना. नफा तळाला गेला की तोच पीई भयंकर मोठा दिसतो, आणि तोटा झाला की काढताच येत नाही. म्हणजे नुसता पीई बघून वागणारा माणूस शिखरावर घेतो आणि तळाला विकतो. आकडा खोटा नसतो. एका वर्षाच्या नफ्याला कंपनीची कायमची कुवत समजलं जातं, चूक तिथे होते.

यावर उपाय नवा नाही. १९२९ च्या घसरणीनंतर, १९३४ साली, बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी ‘सिक्युरिटी अॅनालिसिस’ या ग्रंथात सांगून ठेवलं की शेअरचा भाव एका वर्षाच्या नफ्याशी ताडू नये. किमान पाच आणि जमल्यास सात ते दहा वर्षांच्या सरासरीशी ताडावा. दहा वर्षांत बहुतेक धंद्यांची एक तेजी आणि एक मंदी येऊन जाते. पुढे जॉन कॅम्पबेल आणि येल विद्यापीठाचे रॉबर्ट शिलर यांनी १९८८ मध्ये ही कल्पना अमेरिकी बाजाराच्या शतकभराच्या आकड्यांवर तपासली आणि तिला महागाईची जोड दिली. दहा वर्षांच्या, महागाई जमेस धरून काढलेल्या सरासरी मिळकतीने आजच्या भावाला भागायचं. या गुणोत्तराला बाजारात ‘केप’ किंवा ‘शिलर पीई’ म्हणतात. शिलर यांना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

महागाईची ती जोड बोरीवलीकराला अवघड वाटायचं कारण नाही. जुना फ्लॅट विकताना सीए जी इंडेक्सेशन करायचे तीच ही क्रिया. प्राप्तिकर खात्याचा महागाई निर्देशांक २०१२-१३ ला २०० होता, २०२१-२२ ला ३१७. म्हणजे २०१२-१३ चे शंभर रुपये २०२१-२२ च्या भाषेत साधारण १५८ रुपये. कंपनीचा जुना नफा आणि जुना तोटा, दोन्ही असेच आजच्या रुपयांत आणायचे.

टाटा स्टीलला ही फूटपट्टी लावली की चित्र पालटतं. २०१२-१३ मध्ये कंपनीला सुमारे ७,००० कोटींचा तोटा झाला होता, कारण २००७ मध्ये विकत घेतलेल्या कोरसचं, म्हणजे युरोपातल्या व्यवसायाचं मूल्य पुस्तकात घटवावं लागलं. २०२१-२२ च्या रुपयांत तो तोटा अकरा हजार कोटींच्या पुढे जातो. २०१४-१५ मध्ये सुमारे ३,९०० कोटींचा तोटा, २०१६-१७ मध्ये ४,२०० कोटींच्या जवळपास. मधे २०१७-१८ चं वर्ष चांगलं, पण त्यातही मोठा वाटा एकदाच होणाऱ्या नफ्याचा. असं सगळं धरून, अगदी ते ४१,७४९ कोटींचं वर्ष मिळवूनही, मार्च २०२२ पर्यंतच्या दहा वर्षांची सरासरी वर्षाला सहा हजार कोटींच्या थोडी वर येते. कंपनीचं बाजारमूल्य तेव्हा साधारण एक लाख साठ हजार कोटी होतं. भागाकार पंचवीसच्या आसपास.

तोच शेअर, तोच दिवस. एका हिशेबाने चार, दुसऱ्या हिशेबाने पंचवीस.

इथे काही वाचक लगेच दुसऱ्या टोकाला जातील आणि पंचवीस हाच खरा आकडा समजतील. तेही बरोबर नाही. २०२२ ची टाटा स्टील ही २०१२ ची टाटा स्टील नव्हती. कलिंगनगरचा कारखाना २०१५-१६ नंतर सुरू झाला, २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघालेली भूषण स्टील सुमारे ३५ हजार कोटींना ताब्यात आली. क्षमता वाढलेली असताना जुन्या, लहान कंपनीची सरासरी आजच्या मोठ्या कंपनीला लावली तर तिच्यावर अन्याय होतो. शिवाय मधल्या काळात नवे शेअर काढले गेले, म्हणून काटेकोर हिशेब शेअरमागच्या मिळकतीचा करावा लागतो. शिलर यांनी हे गुणोत्तर संपूर्ण बाजारासाठी वापरलं, त्याचं एक कारण हेच: पाचशे कंपन्यांच्या गर्दीत असे बदल एकमेकांत जिरतात, एका कंपनीत ते उघडे पडतात.

आणि प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की मार्च २०२२ ला शेअर घेऊन दोन वर्षं धरून ठेवणारा बुडाला नाही. जुलै २०२२ मध्ये एका शेअरचे दहा झाले. त्या हिशेबाने मार्च २०२२ चा १३० चा भाव मार्च २०२४ मध्ये १५५ च्या आसपास होता. पण त्या दोन तारखांचे नफे शेजारी ठेवून बघा. १३० च्या भावाला इतिहासातला सर्वांत मोठा नफा, १५५ च्या भावाला जवळजवळ पाच हजार कोटींचा तोटा. बाजार एका वर्षाच्या नफ्यावर भाव ठरवत असता तर हे घडलंच नसतं. चार पीईला घेतलेल्याचे पैसे वाढले, पण त्याने दिलेल्या कारणामुळे नव्हे.

उलट बाजूचा पुरावा अमेरिकेत सापडतो. २००९ च्या पूर्वार्धात बँका बुडाल्याने कंपन्यांचा नफा इतका घटला की तिथल्या एस अँड पी ५०० निर्देशांकाचा साधा पीई शंभरच्या पुढे गेला. साध्या पीईवर विसंबलेल्याला बाजार कधी नव्हे इतका महाग दिसत होता. शिलर पीई मार्चमध्ये तेराच्या जवळ होता. त्यानंतरची दहा वर्षं त्या बाजारासाठी उत्तम गेली.

बाकीचे गैरसमज याच मुळातून फुटलेले आहेत.

केप वर गेला म्हणजे बाजार आता कोसळणारच, हा त्यातला सर्वांत महागडा. डिसेंबर १९९६ मध्ये शिलर यांनी अमेरिकी मध्यवर्ती बँकेत जाऊन बाजार महाग झाल्याचं सांगितलं. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ बाजार चढतच राहिला आणि मार्च २००० पर्यंत दुप्पट झाला. हे गुणोत्तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या परताव्याचा अंदाज देतं, पुढच्या दिवाळीचा नाही.

अमेरिकेची दीर्घकालीन सरासरी सतराच्या आसपास आहे, म्हणून भारतातही सतराच्या वर सगळं महाग, हेही चूक. वाढीचा वेग, व्याजदर, महागाई, सगळंच वेगळं. तुलना करायचीच तर त्याच बाजाराच्या जुन्या आकड्यांशी करावी.

शेअरचे दहा तुकडे झाले म्हणून तो स्वस्त झाला, असं अजूनही लोक मानतात. वडापावाचे चार तुकडे केले तरी वडापाव एकच राहतो.

२०२१ मध्ये निफ्टीचा पीई एका रात्रीत चाळीसवरून तेहतीसवर आला तेव्हा बाजार स्वस्त झाल्याचे मेसेज फिरले. झालं इतकंच होतं की एनएसईने उपकंपन्यांचा नफाही धरायला, म्हणजे एकत्रित मिळकतीवर हिशेब करायला सुरुवात केली.

महागाई धरली नाही तरी फारसा फरक पडत नाही, असं म्हणणाऱ्याने हर्षद मेहताच्या काळाकडे बघावं. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर होता, एप्रिल २००३ मध्ये तीन हजारांच्या खाली. कागदावर एक तृतीयांश घट. पण त्या काळात प्राप्तिकर खात्याचा महागाई निर्देशांक, तेव्हाच्या जुन्या पायावर, २२३ वरून ४६३ झाला होता. लाभांश बाजूला ठेवला तर खऱ्या किमतीत एक तृतीयांशही उरलं नव्हतं.

हिंदुस्थान युनिलिव्हरसारख्या कंपनीला मात्र ही सरासरी जपून लावावी. अंधेरीत मुख्यालय असलेल्या या कंपनीचा नफा २०१३-१४ मध्ये सुमारे ३,९०० कोटी होता, २०२३-२४ मध्ये दहा हजार कोटींच्या वर. साबण आणि चहाच्या धंद्यात पोलादासारखे चढउतार नसतात, नफा हळूहळू वर सरकतो, त्यामुळे दहा वर्षांची सरासरी नेहमीच आजच्या नफ्याच्या मागे राहते आणि शेअर आहे त्याहून महाग दिसतो. आणि कालपरवा बाजारात आलेल्या कंपनीला तर दहा वर्षांचा इतिहासच नसतो. तिथे हे गुणोत्तर काढूच नये.

सध्या लोकलमध्ये ‘स्वस्त’ हा शब्द सरकारी बँकांना लावला जातो, आणि स्टेट बँकेचं नाव त्यात आघाडीवर असतं. तिचे आकडे टाटा स्टीलइतकेच टोकाचे आहेत: २०१७-१८ मध्ये ६,५४७ कोटींचा तोटा, २०२३-२४ मध्ये ६१,०७७ कोटींचा नफा. दहा वर्षांची सरासरी काढली तर शेअर एका वर्षाच्या पीईपेक्षा कितीतरी महाग दिसतो. पण तोट्याच्या त्या वर्षाअखेर बँकेची ढोबळ बुडीत कर्जं एकूण कर्जाच्या जवळजवळ ११ टक्के होती, मार्च २०२४ मध्ये सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. यातला किती भाग चक्राचा आणि किती खऱ्या सुधारणेचा, हे पीईही सांगत नाही आणि सरासरीही नाही. त्यासाठी वार्षिक अहवालातली बुडीत कर्जांची पानं दहा वर्षं मागे जाऊन वाचावी लागतात. बोरीवली ते चर्चगेट या तासाभरात एका वर्षाचा अहवाल आरामात चाळून होतो.