दुसऱ्याच्या संगणकात शिरण्यापूर्वी



भंडारदरा म्हटले की पर्यटकांना १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण, रंधा धबधबा आणि मे-जूनमधले काजवे आठवतात. परंतु या डोंगरात पोट भरणाऱ्या माणसाला आधी आठवतो तो पाऊस. घाटघर, रतनवाडी, साम्रद या बाजूला एकदा झड लागली की दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. दरड येते, वीज जाते. अशा वेळी एखाद्या लॉजचा किंवा सेवा केंद्राचा संगणक अडला तर दुरुस्त करणारा पोहोचणार कसा?

या भागात संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारा आपल्या समाजातील एक तरुण आहे. वडील रोजंदारीवर. मुलाने आयटीआयमध्ये संगणकाचा कोर्स केला आणि राजूरला छोटेसे दुकान टाकले. शेंडीचे लॉजवाले, घरातच पर्यटकांची सोय करणाऱ्या मावशी-काकू आणि दोन-तीन सेवा केंद्रे ही त्याची गिऱ्हाईके. कुणाचा प्रिंटर चालत नाही, कुणाची फाईल सापडत नाही. पाच मिनिटांच्या कामासाठी मोटारसायकलवर अर्धा दिवस मोडायचा.

एके दिवशी तो हिशेबाची वही घेऊन माझ्याकडे आला. मी पेशाने कारकून. संगणकातले मला त्याच्याइतके कळत नाही, पण जमाखर्च कळतो. मिळकतीतला मोठा हिस्सा पेट्रोलच खात होते. तो म्हणाला, "काका, रिमोट डेस्कटॉप घ्यावं म्हणतो. पण कोणतं घ्यावं?"

हे रिमोट डेस्कटॉप म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचे तर, राजूरच्या दुकानात बसून शेंडीच्या संगणकाचा पडदा आपल्या पडद्यावर पाहायचा आणि आपल्याच माऊसने तो संगणक चालवायचा. दोन्हीकडे एकच सॉफ्टवेअर आणि इंटरनेट पाहिजे. गिऱ्हाईक आपल्याला एक क्रमांक सांगते, परवानगी देते आणि काम सुरू होते. तार तुटली, मशीन जळाले तर मात्र जावेच लागते. पण निम्मी-शिम्मी कामे अशी बसल्या जागी होतात.

हा मुलगा एक फुकटचे सॉफ्टवेअर आधीच वापरून पाहत होता. त्यात दोन गोष्टी बिघडल्या. पहिली, ऐन कामात जोडणी तुटे, कारण ते फुकट होते ते फक्त घरगुती वापरासाठी. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. गिऱ्हाइकाला दर वेळी त्रास नको म्हणून त्याने संगणकांवर कायमचा पासवर्ड ठेवून दिला होता. एका संध्याकाळी त्याने न सांगताच एका मावशींच्या संगणकावर काम सुरू केले. पडद्यावरचा बाण आपोआप फिरताना पाहून त्या घाबरल्या. फोनवर म्हणाल्या, "बाळा, माझ्या घरात कोण शिरलंय रे?"

त्याचा हेतू वाईट नव्हता. पण मावशींचा प्रश्न बरोबर होता.

निवड करताना पाहायच्या गोष्टी

आम्ही दोघांनी बसून कागदावर चार प्रश्न लिहिले. या व्यवसायात असलेल्या प्रत्येक मुला-मुलीने ते स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न, दाराची कडी कुणाच्या हातात? विंडोजमध्ये क्विक असिस्ट नावाची सोय आहे. मदत करणारा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून थोड्याच मिनिटांत बाद होणारा एक संकेतांक काढतो. तो गिऱ्हाइकाने टाकायचा, मग परवानगी द्यायची. गिऱ्हाइकाला खाते लागत नाही. काम संपले की दार बंद. गूगलचे क्रोम रिमोट डेस्कटॉपही एका वेळेपुरता संकेतांक देते आणि दर अर्ध्या तासाने चालू ठेवायचे का, असे मालकाला विचारते. या दोन्हींना वेगळे पैसे लागत नाहीत.

दुसरा प्रश्न, परवाना कसला? टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क ही दोन जर्मन कंपन्यांची सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहेत. घरच्या वापरासाठी ती फुकट मिळतात, परंतु धंद्यासाठी वर्षाची वर्गणी भरावी लागते. फुकटच्या आवृत्तीवर पैसे कमावणे म्हणजे नियम मोडणे. आणि कंपनीला संशय आला तर जोडणी बंद होते ती गिऱ्हाइकासमोरच. रस्टडेस्क हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते स्वतःच्या सर्व्हरवरही चालवता येते, पण तो सर्व्हर सांभाळण्याचे ज्ञान पाहिजे.

तिसरा प्रश्न, गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालेल का? विंडोजचे स्वतःचे रिमोट डेस्कटॉप आहे, परंतु होम आवृत्तीच्या संगणकात त्या मार्गाने बाहेरून शिरता येत नाही, प्रो आवृत्ती लागते. शिवाय ते नीट बंदोबस्त न करता इंटरनेटवर उघडे ठेवले तर चोरांना आमंत्रणच. आपल्याकडे रेंजचाही प्रश्न आहे. म्हणून वर्गणी भरण्यापूर्वी प्रत्यक्ष गिऱ्हाइकाच्या घरून, पावसाळी दिवशी, मोबाईलच्या इंटरनेटवर चालवून पाहावे. दुकानात चांगले चालले यावर विसंबू नये.

चौथा प्रश्न, सुरक्षेचे काय? २०२४ च्या फेब्रुवारीत एनीडेस्कने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले आणि ग्राहकांना पासवर्ड बदलण्यास, नवी आवृत्ती घेण्यास सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरच्या कार्यालयीन जाळ्यातही घुसखोरी झाली. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनेही भामटे क्विक असिस्टचा गैरवापर करीत असल्याचा इशारा दिला होता. सांगायचे एवढेच की, मोठे नाव पाहून डोळे मिटू नयेत. पासवर्ड भक्कम ठेवावा, दुहेरी पडताळणी चालू करावी, सॉफ्टवेअर कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावे.

शेवटी आम्ही असे ठरवले. सध्या क्विक असिस्टने सुरुवात करायची. कायमची गिऱ्हाईके वाढली की वर्गणीचे सॉफ्टवेअर घ्यायचे आणि तो खर्च वार्षिक देखभालीच्या दरात सर्वांवर वाटायचा. हिशेब साधा आहे. वर्षाची वर्गणी वर्षभरात वाचलेल्या पेट्रोलपेक्षा आणि वाचलेल्या दिवसांच्या मजुरीपेक्षा कमी असेल तरच घ्यावी. आणि कायमचा पासवर्ड सर्व संगणकांवरून काढून टाकायचा. तो त्याने आठवड्याभरात काढला. मावशींकडे स्वतः जाऊन क्षमा मागितली. त्या आजही त्याच्याच गिऱ्हाईक आहेत.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

ज्या साधनाने आपला मुलगा दुरुस्ती करतो, त्याच साधनाने भामटे लोकांची खाती रिकामी करतात. "बँकेतून बोलतोय, हे ॲप घ्या, क्रमांक सांगा," असा फोन येतो. क्रमांक सांगितला की आपला मोबाईल त्यांच्या हाती जातो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा बँकांना दिला होता. तेव्हा माता-भगिनींनो, हे नियम पाळा.

आपण स्वतः फोन करून बोलावलेल्या ओळखीच्या माणसालाच संकेतांक द्यावा. समोरून आलेल्या फोनला कधीही देऊ नये. काम चालू असताना पडद्यासमोरून उठू नये. त्या वेळी बँकेचे पान, पासवर्ड, ओटीपी उघडू नये. काम संपल्यावर जोडणी बंद झाल्याची खात्री करावी. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेला कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

विश्वास हेच भांडवल

बडोद्याची नोकरी सोडल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारातील गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. जात कळल्यावर गिऱ्हाईके येईनाशी झाली आणि तो बंद पडला. केवढी विद्वत्ता, पण जातीपुढे ती चालली नाही. आपल्या आजोबांना तर ज्या घरांच्या उंबरठ्याबाहेर उभे राहावे लागे, त्याच घरांतली माणसे आज या मुलाला आपल्या संगणकाची किल्ली देतात. त्या संगणकात त्यांचे हिशेब, फोटो, कागदपत्रे, सारे काही असते. हा बदल लहान नाही. तो आपल्या मुलांनी शिक्षणाने मिळवला आहे. एका मुलाच्या निष्काळजीपणाने तो जाऊ शकतो, आणि मग बोल एकट्या मुलाला लागत नाही, साऱ्या वस्तीला लागतो. हे अन्यायाचे आहे, पण तसे घडते.

आपल्या पंचशीलातले दुसरे शील सांगते की, जे दिले नाही ते घ्यायचे नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात डोकावणे, नजरेस पडलेला फोटो उगाच उघडून पाहणे, परवाना न घेता त्यावर धंदा करणे, हे सारे न दिलेले घेणेच आहे. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सांगितलेली सम्यक आजीविका ती हीच.

त्या मुलाने आता दुकानात एक पाटी लावली आहे. 'आपण बोलावल्याशिवाय आम्ही आपल्या संगणकात येत नाही.' आपल्या ज्या मुला-मुलींनी हा व्यवसाय धरला आहे, त्यांनीही आपापल्या दुकानात ती लावावी आणि तसेच वागावे.

जयभीम!