फोटोच्या पाठीवर काय लिहिलंय?

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा खाली आला. आत फोटो होते. इथल्या, म्हणजे जतच्या, यल्लम्माच्या जत्रेत रंगवलेल्या पडद्यापुढे उभं राहून काढलेले, लग्नातले, बारशातले. आणि एक अगदी वेगळा, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या पाच बायकांचा. मी तो आत्याबाईंपुढे (म्हणजे सासूबाईंपुढे) धरला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उजेडाकडे नेला.

"ही मी. ही माझी जाऊ. आन् ही... अगं, हिनं आपल्या वाटणीची सुकडी माझ्या पोराला दिलती बघ. नाव कसं गं ओठावर येईना!"

उरलेल्या दोघी तर त्यांना ओळखताच आल्या नाहीत. मी फोटो उलटून पाहिला. पाठ कोरी!

नेमकं त्याच आठवड्यात 'गोनीदांची दुर्गचित्रे' हे पुस्तक हाती होतं. म्हणून आज तुम्हाला गो. नी. दांडेकरांची एक वेगळी ओळख करून द्यावीशी वाटते. लेखक म्हणून ते तुम्हाला ठाऊक आहेतच. 'शितू', 'पडघवली' वाचून रात्री जागवल्या नाहीत अशी वाचनवेडी बाई विरळाच. १९७७ साली आलेला स्मिता पाटीलचा 'जैत रे जैत'ही त्यांच्याच कादंबरीवरचा. पण हा माणूस खांद्याला कॅमेरा लावून गडागडांवर हिंडणारा हौशी फोटोग्राफरही होता, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे? मला तरी उशिरा कळलं. स्वतः थोडेफार फोटो काढते, चार ओळी लिहिते, म्हणून तर जास्तच नवल वाटलं.

जन्म १९१६ चा, विदर्भातल्या परतवाड्याचा. शाळकरी वयातच स्वातंत्र्याच्या चळवळीपायी घर सोडलं. मग गाडगे महाराजांचा सहवास, नर्मदेची परिक्रमा, आमच्या साताऱ्याकडच्या औंधला पंडित सातवळेकरांपाशी काम. १९४७ च्या सुमारास तळेगाव दाभाड्याला बिऱ्हाड केलं आणि केवळ लेखणीवर जगायचं ठरवलं. (लेखणीवर संसार म्हणजे काय, ते महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरातल्या बाईलाच विचारावं! भटक्या नवऱ्याचं कौतुक जग करतं. चूल कोण सांभाळतं, ते कुणी विचारत नाही.)

तळेगावाहून लोहगड, राजमाची, तुंग, तिकोना ही सारी मंडळी जवळची. रायगड, राजगड तर त्यांनी पुन्हापुन्हा पाहिले. रायगडाचा रोपवे आला १९९६ साली. त्याआधी ज्याला वर जायचं त्यानं पायऱ्या चढायच्या. त्यात कॅमेरा सांभाळायचा, आणि रोलमध्ये फोटो मोजके. आपण आता मोबाईलवर एका पुरणपोळीचे दहा फोटो काढतो, तसली चैन तेव्हा नव्हती. एक चुकला की पैसे गेले. म्हणून थांबायचं, ऊन कलू द्यायचं, मग बटण दाबायचं. या पुस्तकाची पानं उलटताना मला ते थांबणं दिसतं.

आणि नुसते दगड नाहीत बरं का. जे डोळ्यांनी पाहिलं, त्यातलं माणूस त्यांनी कादंबरीत आणलं. राजमाचीवर एकटा राहायला आलेला 'माचीवरला बुधा', तुंग किल्ल्याच्या परिसरातला 'पवनाकाठचा धोंडी'. 'दुर्गदर्शन' आणि 'दुर्गभ्रमणगाथा' ही पुस्तकं त्या चित्रांशेजारी ठेवून वाचा. खरं सांगू? त्यांची भाषा मला कधीकधी फारच जुन्या वळणाची वाटते. दोनदा वाचावं लागतं. पण चित्र समोर असलं की तीच भाषा बोलू लागते. २०२५ मध्ये युनेस्कोनं शिवकालाशी नातं असलेले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात रायगड, राजगड, लोहगड आहेत. आता तिथं डागडुजी होईल, वर्दळ वाढेल. त्याआधीचा गड कसा होता, हे अशा चित्रांतूनच कळायचं.

अप्पा १९९८ साली गेले. त्यांच्या लेकीनं, डॉ. वीणा देव यांनी, 'आशक मस्त फकीर' लिहून वडील शब्दांत उभे केले. घरच्यांना बरोबर घेऊन त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन गावोगाव केलं. नात मृणाल म्हणजे 'स्वामी' मालिकेतली रमाबाई. वीणाताईही २०२४ मध्ये गेल्या, पण मागे कोऱ्या पाठीचा डबा ठेवून नाही.

तुम्ही म्हणाल, त्यांच्यापुढे रायगड होता, आपल्यापुढे काय? आमच्या जत तालुक्यातलं उमराणी घ्या. १६७३ साली प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाच्या फौजेचं पाणी तोडून तिला जेरीस आणलं, ते तिथं. पाण्यासाठी लढाई हरणारा हा मुलूख! टँकरपुढची घागरींची रांग, डाळिंबाची बाग, मराठीत सुरू होऊन कानडीत संपणारं बाजारातलं भांडण... हे कोण टिपणार? बाहेरचा माणूस येईल तेव्हा येईल.

पण आधी माळ्यावरचा डबा खाली काढा. माळ्यावर उन्हाळ्यात भाजतं आणि पावसाळ्यात ओल येते. फोटो कपाटात मधल्या खणात ठेवावेत. चिकट पानांच्या अल्बममधून जमतील तेवढे हलक्या हातानं सोडवा, निघत नसतील तर ओढू नका. पाठीवर मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनचे वळ पुढून उठतात. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तेव्हा पाकिटावर लिहून मग फोटो आत घाला. निगेटिव्ह असतील तर फेकू नका, कागदी पाकिटात ठेवा. मोबाईलनं प्रत काढायची तर फोटो खिडकीपाशी सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून, चहा देऊन, एकेक नाव विचारा. घाई करू नका. नाव आठवत नाही तेव्हा गोष्ट आठवते. ती लिहून घ्या.

आमच्या सुकडीवालीचं नाव परवा रात्री सापडलं. जेवताना आत्याबाई घास हातात धरून एकदम म्हणाल्या, "सापडली!" मी खरकट्या हातानं पेन्सिल शोधायला धावले.

दोघी राहिल्यात. मार्गशीर्षातल्या जत्रेला जुन्या माहेरवाशिणी येतील, तेव्हा तो फोटो पर्समध्ये घालून नेणार आहे.