शांगदूचे कुरण आणि थंडीची वैरण

चीन म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे भातखाचरे, चहाचे मळे आणि दाट वस्तीची नदीखोरी उभी राहतात. परंतु त्या देशाच्या एकूण भूमीपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग गवताळ आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून २०२२ साली जाहीर केले. त्या निमित्ताने या गवताळ मुलुखातील एका लहानशा गावाची ओळख ग्रामसेवकांस व शेतकरी बंधूंस करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखकास २०१९ सालच्या ऑगस्टअखेर तेथे चार दिवस राहण्याचा योग आला होता.

गावाचे नाव शांगदू. बेजिंगच्या उत्तरेस, अंतर्गत मंगोलिया या स्वायत्त प्रदेशात, शिलिनगोल विभागामधील झेंगलान तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. झेंगलान या शब्दाचा अर्थ 'साधे निळे निशाण' असा होतो. मांचू राजवटीत मंगोल टोळ्यांची विभागणी निशाणांवरून केली गेली, आणि तालुक्याएवढ्या मुलुखास 'निशाण' म्हणण्याची रीत तेव्हापासून कायम राहिली. या तालुक्याचे क्षेत्र दहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढा हा तालुका! वस्ती मात्र एक लाखही नाही. येथे बोलली जाणारी चाहार बोली चीनमधील मंगोल भाषेच्या प्रमाण उच्चाराचा आधार मानली जाते, आणि या गोष्टीचा गावकऱ्यांस रास्त अभिमान आहे.

कुबलाई खानाची उन्हाळी राजधानी याच नावाची होती. १२५६ साली तिची उभारणी सुरू झाली आणि शंभराहून थोड्या अधिक वर्षांत ती उजाडही झाली. तिचे अवशेष गावाच्या पूर्वेकडील माळावर असून २०१२ साली त्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. प्रवासी मंडळी येतात ती ते पाहण्यास. आपण मात्र तटबंदीकडे पाठ फिरवून तिच्या सभोवारच्या गवताकडेच पाहू.

गाव तसे साधेच. एक रुंद हमरस्ता, त्याच्या दोहों बाजूंस दुकाने. पाट्यांवर चिनी अक्षरांबरोबर वरून खाली लिहिली जाणारी मंगोल लिपी. जनावरांच्या औषधांचे दुकान, खोगिरांच्या शेजारीच मोटारसायकलींचे सुटे भाग, आणि जागोजाग दुधाच्या पदार्थांची दुकाने. गावाबाहेर कोळशावर चालणारे प्रचंड वीजकेंद्र आहे आणि दूरच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर. वर्षाचा पाऊस साडेतीनशे मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी, आणि तोही बहुतांशी जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांतच पडतो. वर्षातून सुमारे शंभर दिवसच हिमतुषाराविना जातात. थंडीत पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली उतरतो. अशा हवेत गवत वाढण्यास जेमतेम साडेतीन महिने मिळतात, आणि जनावरांस तर बाराही महिने खावे लागते. तेथील सारा प्रपंच या दोन गोष्टींची तोंडमिळवणी करण्यात जातो.

ज्या घरी आमचा मुक्काम होता ते गावापासून तासाभराच्या वाटेवर, वाळवंटी पट्ट्याच्या कडेस होते. मंगोल म्हटल्यावर नमद्याचा तंबू डोळ्यांसमोर येतो. परंतु हे विटांचे पक्के घर होते, आणि तंबू अंगणात पाहुण्यांपुरता उभारलेला. चुलीत जळण होते रानशेणीचे! कुरणात पडून आपोआप वाळलेले शेण वेचून त्याची रास घराशेजारी रचून ठेवतात. त्यास ते 'अर्गल' म्हणतात.

घरची गृहिणी दुधाचे पदार्थ करून गावात विकीत असे. त्यांपैकी एकाची कृती येथे थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. धारोष्ण दूध मोठ्या भांड्यात एक-दोन दिवस तसेच ठेवतात. विरजण निराळे लावीत नाहीत. दूध आपोआप आंबून घट्ट होते आणि वर मलई येते, ती काढून घेतात. खालचे दही कढईत मंद आचेवर ठेवले म्हणजे निवळी सुटू लागते. ती पळीने काढीत राहावे लागते. उरतो तो आपल्या चक्क्यासारखा गोळा. परंतु येथे काम संपत नाही. तो कढईतच लाकडी उलथन्याने कणकेसारखा तिंबावा लागतो; त्यास तार सुटली की कोरीव लाकडी साच्यात दाबून वड्या पाडतात व वाळवितात. वाळलेली वडी कित्येक महिने टिकते. खारट चहात भाजलेले बारीक धान्य आणि या वडीचे तुकडे टाकले की सकाळची न्याहारी झाली. साय धरण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. दूध मंद तापवीत पळीने उंचावरून ओतून फेस आणतात व रात्रभर न हालविता ठेवतात. सकाळी भाकरीएवढी जाड साय अखंड उचलून घडी घालून ठेवतात. ज्या मुलुखात उन्हाळ्यात दूध मुबलक आणि थंडीत जवळजवळ नाही, तेथे दूध टिकविण्याची विद्या घराघरांत अशी मुरलेली असावी, यात नवल नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पूर्वी हे लोक गवताच्या मागे जात. उन्हाळ्याचे कुरण निराळे, थंडीचे निराळे. दुष्काळ पडला अथवा बर्फाने गवत झाकून टाकले तर कळप घेऊन दूरच्या मुलुखी निघत. या आडवेळच्या स्थलांतरास 'ओतोर' असा शब्द आहे. आपल्याकडे धनगर बांधव पावसाळा सरला की मेंढरे घेऊन कोकणात उतरतात; त्यांस हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. १९५८ पासून तेथे कम्यूनची व्यवस्था आली. १९८० नंतरच्या वर्षांत ती मोडून जनावरे कुटुंबांस वाटून देण्यात आली आणि पुढे टप्प्याटप्प्याने कुरणेही प्रत्येक घरास दीर्घ मुदतीच्या कराराने लावून देण्यात आली. आपली जमीन कोणती हे ठरताच तारेची कुंपणे उभी राहिली, पक्की घरे आली, विहिरी झाल्या. यात मुलांची शाळा, दवाखाना, वीज अशा सोयी झाल्या, हे नाकारता येणार नाही. परंतु कळप वर्षभर एकाच जागी फिरू लागला. घर आणि विहीर यांच्या भोवतालची जमीन खुरांनी तुडवून निघाली, आणि जेथे माती वालुकामय होती तेथे गवताची पकड सुटून वाळू वाऱ्यावर चालू लागली.

वाळूची ही वादळे बेजिंगपर्यंत पोहोचू लागली तेव्हा सरकारचे लक्ष तिकडे वेधले. मे २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान झू रोंगजी यांनी शेजारच्या दुओलुन तालुक्यास भेट दिली आणि राजधानीच्या वाऱ्याच्या वाटेवरील वाळू रोखण्याची मोठी योजना हाती घेण्यात आली. चालत्या वाळूवर गवताच्या काड्यांचे चौकोन रोवणे, वाळूत तग धरणारी विलोची झुडपे लावणे, कुंपण घालून जमीन मोकळी सोडणे अशी कामे झाली. २०११ पासून मेंढपाळांस भरपाईही मिळू लागली. पूर्ण चराईबंदी पाळणाऱ्यास दर मूस वर्षाला सहा युआन, आणि ठरवून दिलेल्या संख्येइतकीच जनावरे ठेवणाऱ्यास दीड युआन. २०१६ पासून हे केंद्राचे दर अनुक्रमे साडेसात व अडीच युआन झाले. 'मू' म्हणजे आपले सुमारे साडेसहा गुंठे. पंधरा मूंचा एक हेक्टर होतो. आदर्श गाव योजनेतील चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. तेथील बंदीमागे कायद्याचे बळ अधिक, गावसभेच्या ठरावाचे कमी, असे लेखकाचे मत झाले.

याच तालुक्यातील बायिनहूशू या गावी एक बोधप्रद प्रयोग झाला. चिनी विज्ञान अकादमीचे वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यांग गाओमिंग आणि त्यांचे सहकारी यांनी ओसाड पडलेल्या सामायिक कुरणाचा मोठा भाग गावकऱ्यांच्या साह्याने राखून ठेवला. झाडे लावण्याचा खटाटोप न करता जनावरे दूर ठेवली असता काही वर्षांत गवत आपोआप परतले, आणि राखलेल्या भागात कापलेले गवत घरोघर वैरणीस मिळू लागले. एवढ्या कमी पावसात सरसकट वृक्षलागवड करणे म्हणजे पैसा आणि जमिनीतील पाणी दोन्ही गमावणे होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्या वाळूत आपल्या वावळाच्या कुळातील एल्मचे वृक्ष दूरदूर विखुरलेले आढळतात. निसर्गाने तेथे किती झाडे ठेवली हे पाहिले म्हणजे त्यांचे म्हणणे पटते. वनमहोत्सवात खड्ड्यांची संख्या मोजणाऱ्या आपल्या मंडळींनी यावर अवश्य विचार करावा.

परंतु बंदी आणि भरपाई यांचा हिशेब एका घराच्या अंगणात बसून मांडल्यावाचून पुरता समजत नाही. आमच्या यजमानांच्या करारात १,८०० मू जमीन होती, म्हणजे १२० हेक्टर, अथवा आपले सुमारे तीनशे एकर. तीनशे एकरांचा धनी म्हणजे आपल्याकडे केवढा मोठा असामी! परंतु त्यांस नेमून दिलेले प्रमाण होते दर मेंढीस पंचवीस मू. त्या हिशेबाने ७२ मेंढ्या. एक गाय पाच मेंढ्यांबरोबर धरतात. म्हणून मेंढ्या मुळीच न ठेवल्या तर चौदा गाई. त्यांनी मेंढ्या आधीच विकून टाकल्या होत्या आणि बरोबर चौदा गाई राखल्या होत्या. भरपाई केंद्राच्या दराने वर्षास ४,५०० युआन होई. त्यात एका चांगल्या गाईची निम्मी किंमतही निघत नसे.

खरा पेच होता वैरणीचा. थंडीचे दिवस सुमारे दोनशे. गाईस दिवसाला दहा किलो वाळले गवत धरले तर एका गाईस दोन टन आणि चौदा गाईंस अठ्ठावीस टन लागते. कापणीसाठी राखलेले रान ३०० मू. बऱ्या वर्षी त्यात वीस टन गवत निघे व आठ टन विकत घ्यावे लागे. परंतु त्या साली पाऊस फार उशिरा आला होता. रानात फिरून, मुठीत गवत धरून यजमानांनी अंदाज बांधला तो बारा टनांचा. सोळा टनांची तूट! दुष्काळी वर्षी गवत साऱ्यांनाच हवे असते आणि माघ महिन्याच्या सुमारास त्याचा भाव कोठे जातो, हे आपल्या दुष्काळी तालुक्यांतील वाचकांस सांगावयास नको. कर्ज काढून गवत घ्यावे, तर पुढील साली वासरे विकून फेड करावी लागे.

शेजारच्या तिघा घरवाल्यांनी एक तोड सुचविली होती. चौघांमधील कुंपणे काढून टाकावी, चारही रानांत कळप मिळून फिरवावा आणि दर वर्षी एक रान पूर्णपणे कापणीसाठी सोडावे. यजमानांस हे पसंत होते. कारण जमीन एकत्र झाली की कळपास पुन्हा थोडेफार हिंडता येते. परंतु ती पुढील वर्षाची गोष्ट होती. या थंडीपुरता उपाय एकच. चार गाई विकल्या तर उरलेल्या दहांस वीस टन पुरत. बारा घरचे आणि आठ विकतचे, म्हणजे दरसालच्या इतकेच. प्रश्न पडला तो कोणत्या चार, याचा.

रात्री जेवणानंतर यावर बराच वेळ बोलणे झाले. दुभाषा जेवढे सांगू शकला तेवढे येथे देतो. यजमान दुधाच्या दोन गाई विकण्याच्या विचारात होते, कारण त्यांस भाव चांगला येतो. गृहिणी म्हणाली, "तुम्ही गवताचा हिशेब केलात, वड्यांचा केला नाहीत. मुलीच्या शिक्षणाचा खर्च वड्यांतून जातो." म्हातारी आई चुलीजवळ बसली होती. तिने १९७७ ची थंडी पाहिली होती. त्या साली ऑक्टोबरातच गवतावर बर्फाचा कठीण थर बसला आणि शिलिनगोलमध्ये लाखो जनावरे दगावली. ती मुलास म्हणाली, "विकायच्या त्या आताच विक, अंगावर उन्हाळ्याचे मांस आहे तोवर. फाल्गुनात तू हाडे विकशील." महिन्याचे नाव अर्थात आपल्या सोयीने घातले आहे, पण गोष्ट पशुसंवर्धनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने मान्य करावी अशी आहे. अखेर दोन वयस्क, एक भाकड आणि एक पायाने अधू अशा चार गाई काढण्याचे ठरले. भाव कमी येणार होता. दूध मात्र घरात राहिले.

आम्ही निघालो त्या दिवशी सकाळीच कापणीस प्रारंभ झाला. रानात मुख्यतः यांगत्साव नावाचे रुंद पात्याचे उत्तम गवत होते आणि मधूनमधून सुईसारख्या कुसळांचे. हे दुसरे गवत उशिरा कापले तर कुसळे मेंढीच्या कातड्यात शिरतात. आपल्याकडील कुसळीचा उपद्रव असाच असतो. ट्रॅक्टरला जोडलेले कापणीयंत्र जमिनीपासून चार बोटे उंच चालविले होते, मुळांजवळ नव्हे. यजमान दर काही पट्ट्यांनंतर एक पट्टा तसाच उभा सोडीत होते. वैरणीची एवढी तूट असता हे गवत का सोडता, असे विचारले असता ते म्हणाले की, त्याचे बी रानात पडते आणि थंडीत वाऱ्याने उडणारा बर्फ त्या पट्ट्याशी अडकून राहतो. वसंतात तेथेच प्रथम ओल येते. चार गाई नेण्यासाठी व्यापाऱ्याची मालमोटार सप्टेंबरच्या मध्यास यावयाची होती.